बारावीत अडकलेले कान

जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम जाहीर झाला की निकाल गाण्याच्या आधीच लागतो. अल्बम यायला दोन महिने असतात. बाहेर आलेला असतो वीस सेकंदांचा टीझर, त्यात गिटार धड ऐकूही येत नाही. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फैसला झालेला असतो: ‘पह्यल्यासारखं नाही राह्यलं बे.’ अमरावती असो, पुणे असो की पार अमेरिका, वाक्य तेच. फक्त ‘बे’ तेवढा आमचा.

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य संगीताबद्दल काहीही सांगत नाही. ते बोलणाऱ्याच्या वयाबद्दल सांगतं. फॅनला बँडचं जुनं संगीत नको असतं, स्वतःचं जुनं वय हवं असतं, आणि ते देणं जगातल्या कुठल्याही गिटारवाल्याच्या हातात नाही. लॉस एंजेलिसच्या कोट्यधीश बँडला या हट्टाचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो आपल्याच गावातल्या, स्वतःचं गाणं लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना. म्हणून हा भांडणाचा लेख.

सुरुवात लिंकिन पार्कपासून करू. वऱ्हाडातल्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये रॉक म्हणजे आधी लिंकिन पार्क, बाकीचे नंतर. २००० साली ‘हायब्रिड थिअरी’ आला. रॅप आणि मेटलची भेळ, सदतीस-अडतीस मिनिटांत खेळ खलास. २००३ ला ‘मीटिओरा’ आला, त्याच चालीचा. मग २००७ च्या ‘मिनिट्स टू मिडनाइट’मध्ये बँडनं रॅप कमी केलं, आवाज मोकळा केला. २०१० ला ‘अ थाउजंड सन्स’ आला आणि फॅन बिथरले. गिटार मागे गेली होती, इलेक्ट्रॉनिक आवाज पुढे आले होते, अणुयुद्धाची भीती अख्ख्या अल्बमभर पसरली होती. ‘हे लिंकिन पार्क नाहीच’ असं तेव्हा ठणकावून सांगितलं गेलं. आज तोच अल्बम बँडचं सगळ्यात धाडसी काम म्हणून मिरवला जातो. मिरवणाऱ्यांत ठणकावणारेही बरेच आहेत.

मग २०१७ उजाडलं. फेब्रुवारीत नव्या अल्बमचं पहिलं गाणं आलं, ‘हेवी’. नाव जड आणि गाणं बँडच्या आजवरच्या हलक्या गाण्यांपैकी एक, त्यामुळे टिंगलीला आयता विषय मिळाला. १९ मे २०१७ ला ‘वन मोअर लाइट’ प्रसिद्ध झाला. पॉप झाले, विकले गेले, मेले अशा शब्दांत स्वागत झालं. बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन या टीकेवर मुलाखतींमधून चिडून बोलला. २० जुलै २०१७ ला तो गेला. त्यानं आत्महत्या केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. त्याच्या मृत्यूचा आणि फॅनच्या टीकेचा संबंध जोडणं चूक आहे. माणसाच्या आजाराची आणि दुःखाची मुळं कमेंटपेक्षा खूप खोल असतात. माझा मुद्दा कानांबद्दलचा आहे. २० जुलैनंतर तोच अल्बम, तीच गाणी, तेच मिक्सिंग, एक सूरही बदललेला नाही, आणि लोक रडत होते. अल्बमच्या नावाचं गाणं बँडच्या रेकॉर्ड कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या मृत्यूवरून लिहिलेलं होतं. ते मे महिन्यातही तिथेच होतं. ऐकलं कोणी नव्हतं, कारण गिटार कुठे गेली हे शोधण्यात सगळे गुंतले होते. जे गाणं गायक जिवंत असताना ‘विकलेलं’ होतं, ते तो गेल्यावर ‘पवित्र’ झालं. म्हणजे दोन महिने चाललेला निकाल गाण्याचा नव्हताच.

पुढचं आणखी बोलकं आहे. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, बँड परतला. गायिका म्हणून एमिली आर्मस्ट्राँग आली, ड्रमवर कॉलिन ब्रिटन आला, आणि १५ नोव्हेंबरला ‘फ्रॉम झिरो’ प्रसिद्ध झाला. यात रॅप आहे, किंकाळ्या आहेत, जड गिटार आहे. दहा-पंधरा वर्षं फॅन जे जे मागत होते, ते ते ताटात वाढलेलं. मग समाधान झालं का? अर्ध्यांनी सांगितलं, चेस्टर नाही तर काही नाही. उरलेल्यांपैकी काहींनी सांगितलं, यात नवं काय, हे तर जुनंच आहे! नवं दिलं तर जुनं हवं, जुनं दिलं तर नवं काय. अशा गिऱ्हाइकाला आमच्या राजकमल चौकातला चहावालासुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाही.

लिंकिन पार्क अपवाद असेल असं वाटत असेल, तर मेटॅलिकाचं बघा. १९८४ ला त्यांच्या दुसऱ्याच अल्बमात संथ, अकूस्टिक गिटारनं सुरू होणारं एक गाणं आलं, ‘फेड टू ब्लॅक’. तेव्हाच्या कट्टर फॅननी बँड विकला गेल्याचं जाहीर केलं. आज ते गाणं कॉन्सर्टमध्ये वाजलं नाही तर तोच वर्ग नाराज होतो. १९९६ च्या ‘लोड’ला त्यांनी केस कापले, तर केसांवरूनही वाद झाला. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअर ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होता, ही तक्रार मात्र खरी, तिच्याकडे नंतर येतो. २००८ ला ‘डेथ मॅग्नेटिक’ आला आणि जुनी मेटॅलिका परत आल्याचा जल्लोष झाला. तेवढ्यात कळलं की अल्बमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये इतका ताणून मोठा केलाय की तो फाटतोय. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येत होती. अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून फॅननी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली.

मला ही सह्यांची मोहीम मनापासून आवडते. ती ऐकणाऱ्यांची तक्रार होती. कुठल्या गाण्यात, कुठे, काय बिघडलं हे तिला सांगता येत होतं. स्नेअरची तक्रारही तसलीच. ‘हा ड्रम कानाला टोचतो’ ही टीका आहे. ‘हे पहिल्यासारखं नाही’ हे निरीक्षण आहे, आणि तेही इतकं उघड की बोलायची गरज नाही. चाळीस वर्षांचा माणूस वीस वर्षांचा राहिला नाही, हे सांगायला फॅन कशाला हवा?

आता आपल्याकडे या. आपल्या तोंडी हा हट्ट जास्तच विचित्र वाटतो, कारण तो आपला नाहीच. ज्या अमेरिकन पोरानं २००० साली दुकानातून ‘हायब्रिड थिअरी’ची सीडी आणली, तीन वर्षं घासली, मग ‘मीटिओरा’साठी रांग लावली, त्याच्यापाशी ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ असं काही होतं. त्याचा रुसवा मी समजू शकतो. पण माझ्या वयाच्या माणसानं अकोल्यात किंवा अमरावतीत लिंकिन पार्क कसं ऐकलं? पेन ड्राइव्हमधून. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून. होस्टेलच्या लॅनवरून. एक फोल्डर यायचं, त्यात सगळे अल्बम एकदम, अर्ध्या गाण्यांची नावं गायब, काही ठिकाणी नुसतंच ‘ट्रॅक ०४’. २००० चं आणि २०१० चं गाणं एकाच संध्याकाळी, उलट्या क्रमानं, एकाच तुटक्या इअरफोनमधून आत गेलं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, त्याच्या आधीची आमची सगळी श्रवणभक्ती अशी.

याला मी उणीव मानत नाही. उलट हे आमचं भाग्य होतं. आम्हाला बँडचा कुठलाही एक काळ खरा आणि बाकीचे खोटे असं कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या लेखी सगळी गाणी एकाच वयाची होती, जे आवडलं ते आवडलं. असे मोकळे कान मेट्रो शहरातल्या जुन्या रॉकवाल्यांकडे नव्हते. मग स्वस्त डेटा आला, त्यामागून मीम आले, आणि मीममधून ‘पहिले दोन अल्बम सोडले तर बाकी कचरा’ हे तयार मत आलं. आम्ही ते गाण्यांसारखंच डाउनलोड केलं. दुसऱ्याच्या आठवणींसाठी आम्ही गळा काढू लागलो. यवतमाळला जन्मलेल्या माणसानं कोल्हापूरच्या शाळेच्या आठवणीनं डोळे पुसावेत, तसा हा प्रकार आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हा हट्ट मला ओळखीचा वाटतो. आमच्या धंद्यात एक नियम असतो: नव्या व्हर्जननं जुन्या फायली उघडल्याच पाहिजेत. काल चालत होतं ते आज मोडलं की गिऱ्हाईक ओरडतं आणि त्याचं बरोबर असतं, कारण अपडेट आलं की जुनं ॲप फोनमधून जातं. फॅनही नेमकी हीच मागणी करतो, फक्त एक गोष्ट विसरतो. नवा अल्बम आला म्हणून जुना उडत नाही. ‘फ्रॉम झिरो’ इन्स्टॉल केलं म्हणून ‘हायब्रिड थिअरी’ अनइन्स्टॉल झालं नाही. ते आहे तिथेच आहे, तेवढ्याच मिनिटांचं, हवं तेव्हा ऐका. मग नक्की हिरावलं गेलं काय? काहीच नाही.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की बँड पैशासाठी बदलतात. काही बदलतातही. पण जरा हिशोब करा. जमलेल्या बँडसाठी सगळ्यात सुरक्षित धंदा कुठला? न बदलण्याचा. २०२० साली ‘हायब्रिड थिअरी’ची विसाव्या वाढदिवसाची आवृत्ती निघाली, २०२३ साली ‘मीटिओरा’ची. जुन्या अल्बमांची अशी महागडी पेटी जगभर निघते, जुन्या गाण्यांचे दौरे जगभर खपतात. आठवण हा आज संगीतातला पक्का माल आहे. तेव्हा जो बँड पन्नाशीत तोच सूर लावतो तो प्रामाणिक, आणि जो अनोळखी रस्त्यानं जाऊन शिव्या खातो तो विकाऊ, हे गणित कुठल्या शाळेतलं? एसी-डीसीसारखा बँड आयुष्यभर एकाच ढंगाचं वाजवतो आणि मस्त वाजवतो, त्याला माझी ना नाही. तो ढंग त्यांनी निवडलाय. फॅननं दारात धरणं धरून तो लादलेला नाही.

दुसरा युक्तिवाद, ‘पैसे आम्ही देतो.’ देता, मान्य. तिकिटात खुर्ची येते, पुढची दहा वर्षं कसं गायचं याचा करार येत नाही. आणि पेन ड्राइव्हवाल्यांनी हा मुद्दा न काढलेलाच बरा.

या हट्टाला आता यंत्राची साथ मिळाली आहे. गाणी सुचवणारी प्रणाली काम कशी करते? तुम्ही आधी काय ऐकलं, तुमच्यासारख्या लोकांनी काय ऐकलं, त्यावरून पुढचं सुचवते. म्हणजे तिचा पायाच कालच्या आवडीवर आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. त्याआधी अंगठा सरकला तर ते गाणं न वाजल्यातच जमा. जे गाणं पहिल्या मिनिटात अनोळखी वाटतं आणि तिसऱ्या ऐकण्यात उलगडतं, त्याला या व्यवहारात जागा नाही. यंत्र नफ्यासाठी तेच तेच देतं, हे समजू शकतं. माणसानं स्वतःहून यंत्रासारखं वागावं आणि त्याला निष्ठा म्हणावं, हे समजत नाही.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. सुरुवातीला बाकीच्यांसारखीच परदेशी बँडची गाणी वाजवत, कारण लोकांना तीच हवी होती. १९८८ ला त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९० ला दुसरा. १९९३ ला त्यांनी चाललेलं, गाजलेलं नावच टाकून दिलं आणि ‘इंडस क्रीड’ झाले. १९९५ ला त्या नावाचा अल्बम आला, १९९७ ला बँड थांबला. २०१० ला उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा जमले, सोबत नवे वादक घेतले, आणि २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ आला. सतरा वर्षांनंतरचा अल्बम, आणि तो नव्वदीतल्या इंडस क्रीडची नक्कल नव्हता. गुंतागुंतीचा, लांब पल्ल्याचा रॉक होता. ऐकणाऱ्यांच्या मर्जीनं चालले असते तर ते आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी चोख वाजवणारा बँड राहिले असते, आणि आज त्यांचं नाव घ्यायचं काही कारण उरलं नसतं.

आणखी जवळचं उदाहरण हवं? सुरेश भट. १९३२ साली अमरावतीत जन्मले. १९६१ चा ‘रूपगंधा’ हळुवार गीतांमुळे लोकांना प्रिय झाला. तिथेच थांबले असते तर कार्यक्रम कमी पडले नसते. पण ‘रंग माझा वेगळा’ १९७४ ला आला, ‘एल्गार’ १९८३ ला आला, आणि माणूस गझलेच्या वाटेनं, बोचऱ्या, भांडखोर शब्दांच्या वाटेनं दूर निघून गेला होता. गझल परकी आहे, मराठीला ती मानवणार नाही, असं म्हणणारे होतेच. त्यांनी गझल लिहिली, वर नव्या पोरांना ती शिकवत बसले. आज अमरावतीत त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं. ज्या बदलाचा आज अभिमान आहे, तसाच बदल कोणी आज करू लागला की त्याला ‘पह्यल्यासारखं नाही’ म्हणायचं. दोन्ही एकाच तोंडानं कसं जमतं?

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. दोनेक वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका गॅदरिंगला मी प्रेक्षकांत होतो. चार पोरांचा बँड होता. दोन गिटार, एक गाणारा, आणि ड्रमसेट परवडत नाही म्हणून बसून वाजवायचं लाकडी काहोन. पहिली दोन गाणी हिंदी सिनेमातली झाली, लोक नाचले. तिसऱ्याला गाणारा म्हणाला, हे आमचं आहे. वऱ्हाडीत होतं, खेड्यातून क्लासला येणाऱ्या पोरांच्या पहाटेच्या एसटीवर. चाल कच्ची होती, पण एक ओळ अशी होती की मी मान वर करून बघितलं. मिनिटभरात मागून फर्माइशी सुरू झाल्या. ओरडणारे वाईट नव्हते, त्यांना फक्त माहीत असलेलं हवं होतं. गाणाऱ्यानं गिटारवाल्याकडे पाहिलं, गाणं अर्ध्यात सोडलं, आणि ‘रॉक ऑन’मधलं एक धरलं. सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले. फार सुंदर दिसत होतं. ते एसटीचं गाणं मात्र पुन्हा कुठे ऐकू आलं नाही. लिहिणारा पोरगा आता हिंजवडीत टेस्टिंगला आहे.

मोठ्या बँडला ‘जुनं दे’ म्हणणारा आणि या पोरांना ‘ओळखीचं दे’ म्हणणारा माणूस एकच आहे. फरक इतकाच की मोठा बँड त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकतो, या पोरांना ते परवडत नाही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य एकल गायन असतं, समूहगान असतं, वाद्यवादन असतं. आमच्या गावांत गिटारचे क्लास आहेत, शिकणाऱ्या पोरी आहेत, पोरं आहेत. वाजवणारे कमी नाहीत. कमी आहेत ते अनोळखी गाणं चार मिनिटं ऐकून घेणारे. आणि ती सवय ज्या कानांना नाही, त्या गावातून फक्त नक्कल निघते. मग आपणच विचारतो, वऱ्हाडातून एखादा मोठा बँड काहून निघत नाही?

मग कोणी काहीही केलं तरी टाळ्या पिटायच्या का? मुळीच नाही. अल्बम फसतात, थकलेले बँड थकलेली गाणी देतात, त्यांना झोडपा. पण गाण्याचं नाव घेऊन झोडपा. कुठला शब्द पोकळ आहे, कुठली चाल आळशी आहे, कुठे गायकाचा आवाज यंत्रानं सरळ केलाय, ते सांगा. त्यासाठी आधी अख्खा अल्बम ऐकावा लागतो, क्रमानं, मधे अंगठा न हलवता. फार वेळ लागत नाही. ‘फ्रॉम झिरो’ बत्तीस मिनिटांचा आहे. २०२२ साली डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, त्या अमरावती-अकोला रस्त्याला अकोल्याहून लागलात, तर मूर्तिजापूर यायच्या आत तो संपतो. उरलेल्या वाटेत आवडला नाही म्हणून भांडा, मीही भांडेन.

आणि पुढच्या गॅदरिंगला एखादा पोरगा किंवा पोरगी माइकवर येऊन ‘हे आमचं आहे’ म्हणाली, की फर्माइश खिशात ठेवा. ते गाणं पहिल्यासारखं असणारच नाही, कारण त्याच्या आधीचं काही नाहीच. चार मिनिटं गप्प बसा आणि ऐका.